उतारावरची साइट

साडेतीनला कॉलेजची प्रयोगशाळा बंद झाली की अहल्या घरी न जाता देवनहळ्ळीकडची बस धरी आणि साइटवर येऊन उभी राही. प्लॉटला इथे सगळे साइटच म्हणतात. चाळीस बाय साठची ती जागा तिने आणि तिच्या थोरल्या भावाने मिळून सात वर्षांपूर्वी घेतली, तेव्हा आसपास द्राक्षांचे मांडव होते. मांडव गेले, रस्ते झाले, आणि या जागेची खोड उघडी पडली. समोरचा रस्ता उंचावर, आणि जमीन रस्त्यापासून मागे घसरत गेलेली. मागच्या कुंपणाशी पोचेपर्यंत पुरती पाच फूट खाली.

ती चपला हातात घेऊन उतरे, कुंपणाच्या दगडाला हात लावी आणि परत चढे. त्यातून नवं काही कळत नसे. पण घरी जाऊन बसवत नसे.

घर म्हणजे येलहंकाच्या जुन्या गावातली दुसऱ्या मजल्यावरची भाड्याची जागा. लिफ्ट नाही. तिथे हयवदन, तिचा अण्णा, खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसलेला असे. अण्णाने लग्न केलं नव्हतं, अहल्येचं टिकलं नव्हतं. दोघं भावंडं गेली बारा वर्षं एकत्र राहत होती. अण्णा सर्वेअर. तीस वर्षं त्याने लोकांच्या जमिनी मोजून दिल्या. शेवटी एका अर्धवट पुलाच्या कठड्यावरून पडला आणि कमरेखालचं सगळं लुळं पडलं. त्याला दीड वर्ष झालं होतं. एवढ्या दिवसांत तो पाच वेळा खाली उतरला, पाचही वेळा दवाखान्यात जायला, आणि पाचही वेळा चौघांनी खुर्चीसकट उचलून. पाचव्या खेपेला जिन्याच्या वळणावर एकाचा पाय सटकला. कुणी पडलं नाही. खुर्ची भिंतीला घासली, एवढंच. पण वर आल्यावर अण्णा म्हणाला, "आता पुरे. मला खाली नेऊ नका."

त्या दिवसापासून अहल्येच्या अंगात जणू भिंगरी शिरली. घर बांधायचं, तळमजल्याचं बांधायचं, आणि त्याला पायरी म्हणून एकही ठेवायची नाही. गेटमधून खुर्ची आत आली की थेट अण्णाच्या खोलीत गेली पाहिजे. हे बोलायला सोपं होतं. उतारावरच्या साइटवर करायला नव्हतं.

घर जमिनीलगत खालीच ठेवलं तर रस्त्याचं सगळं पाणी गाडीवाटेवरून दारात येणार. वर उचललं तर पाणी चुकेल, पण मग खुर्ची चढणार कशी? फूटभर चढायला बारा फूट लांब उतार हवा, हे अण्णानेच तिला शिकवलं होतं. ती कागदावर रेघा मारी, खोडे, पुन्हा मारी. भात खाताना ताटात बोटाने उतार काढी.

"जेव की नीट," अण्णा म्हणे.

"जेवते आहे."

"तू जेवत नाहीस. तू मोजते आहेस."

मेस्त्री यल्लाप्पाला मात्र यात अवघड काही दिसत नव्हतं. तो खानापूरकडचा, वीस वर्षं बेंगळूरात घरं बांधत आलेला. रस्त्यावर उभा राहून त्याने हात आडवा फिरवला. "अक्का, सोपं हाय बघा. समदा खड्डा मातीनं भरून काढायचा, रस्त्याच्या लेव्हलला आणायचा. मागं दगडी भिंत घालायची. झालं सपाट. अण्णांची खुर्ची गेटातनं सुटली की स्वयंपाकघरातच थांबंल."

सपाट. हा शब्द अहल्येला इतका गोड लागला की बसमध्ये ती तो मनातल्या मनात घोळवत आली. घरात पाऊल टाकताच तिने अण्णाला सांगितलं.

अण्णा म्हणाला, "भरावावर पाया घालायचा? भराव बसतो, अहल्या. आज नाही, तीन वर्षांनी. मग घर एका अंगाला मान टाकतं. पाया मूळ जमिनीतच गेला पाहिजे."

"मग पाया खाली नेऊ. पण भराव तर घालू."

"आणि पाणी? आज उतारावर पसरून जातंय ते. भराव घातलास की ते भिंतीशी गोळा होणार. तिथून कुठे जाणार?"

"मागे."

"मागे कोण आहे?"

मागच्या कुंपणापलीकडे एक पत्र्याचं शेड होतं, त्याच्यापुढे छोटं घर, आणि त्या घराचं तोंड खालच्या रस्त्याकडे. शेडमधून कसलीशी घरघर ऐकू येई. एवढंच तिला माहीत. "आहे कुणीतरी," ती म्हणाली.

"स्वल्प थांब," अण्णा म्हणाला. "पाऊस जाऊ दे. नोव्हेंबरात बघू. घाई काय आहे?"

घाई काय आहे! अहल्या उठून स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली. हा माणूस दिवसभर खिडकीतून खालच्या नारळवाल्याकडे बघत बसतो आणि विचारतो, घाई काय आहे.

दोन दिवसांनी तिने यल्लाप्पाला फोन करून भराव घालायला सांगितलं. अण्णाला सांगितलं नाही.

तीन दिवस टिप्पर येत राहिले. लाल माती, कुठल्यातरी तळघराच्या खोदाईतली. चौदाव्या टिप्परनंतर रस्त्यावर उभं राहिलं की साइट खरंच सपाट दिसू लागली. अहल्या तिच्यावरून चालत गेली, अगदी टोकापर्यंत. टोकाशी माती नुसतीच ओतलेली, मोकळी, खालच्या शेडवर ओणवल्यासारखी.

"भिंत कधी?" तिने विचारलं.

"दगड सोमवारी येतो, अक्का. काय काळजी करू नका."

शुक्रवार होता तो. शनिवारी दुपारी ढग दाटले. अहल्या कॉलेजात काचेच्या नळ्या धुऊन ठेवत होती. खिडकीवर थेंब वाजले तशी हातातली नळी सुटून फुटली. दीड तास पाऊस कोसळला. घरी आली तर अण्णा खिडकीशी. "चांगला झाला," तो म्हणाला. "साइटवर पाणी कुठून वाहतं ते आज कुणी बघायला हवं होतं." ती रात्रभर कूस बदलत राहिली.

रविवारी सकाळी सात वाजता फोन आला. अनोळखी नंबर, अनोळखी बाईचा आवाज.

"वरच्या साइटच्या अक्का तुम्हीच काय? मेस्त्रीकडनं नंबर घेतला. जरा येऊन बघून जावा. फोनवर सांगण्यासारखं न्हाई."

अहल्या रिक्षाने गेली. खालच्या रस्त्यावरून त्या घराकडे ती पहिल्यांदाच जात होती. दारावर हाताने रंगवलेली पाटी होती: कानडीत, 'इडली-डोशाचं पीठ मिळेल'. बोळातून मागे गेली आणि तिचे पाय थांबले. शेडची मागची बाजू आत दबली होती. चिखल पत्र्याखालून घुसून गुडघ्याएवढा साचला होता. त्यात दोन मोठे ग्राइंडर अर्धे बुडालेले, तांदळाची पिंपं आडवी, आणि भिजवलेली उडीद डाळ लाल मातीत पसरलेली. पन्नाशीची एक बाई नऊवारीचा काचा मारून घमेल्याने चिखल उपसत होती. तिचा नवरा पाटी डोक्यावर घेऊन बोळातून ये-जा करत होता.

"मी भागुबाई," ती घमेलं न थांबवता म्हणाली. "हे आमचे मालक, उमाजी. सतरा वर्सं झाली हितं. कंदी पाणी आलं न्हाई असं न्हाई. पण येतं नि जातं. असला डोंगर कंदी आला नव्हता."

"कुणाला लागलं का?"

"कुणाला लागलं न्हाई. आम्ही दुपारचं आडवं झालो होतो घरात. शेडमदी असतो तर?" तिने पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, रात्रभरचं जागरण होतं, आणि अहल्येला ते जास्त लागलं. "रविवारचं गिऱ्हाईक सकाळपासनं दारात येऊन चाललंय. त्यास्नी काय सांगू?"

अहल्येने पर्स खुंटीला अडकवली, साडी खोचली आणि दुसरं घमेलं उचललं. भागुबाईने एकदा बघितलं, नको म्हणाली नाही. अकरा वाजेपर्यंत दोघी उपसत होत्या. यल्लाप्पा आला, शेडशी येऊन टोपी काढून उभा राहिला, मग तोही चिखलात उतरला. ग्राइंडर बाहेर निघाले तेव्हा अहल्येने ते तिथूनच टेम्पोत घालून दुरुस्तीला नेले आणि दुकानदारासमोर बसून राहिली. तो दोन वेळा म्हणाला, उद्या या. ती उठली नाही.

संध्याकाळी अण्णाने तिच्या नखांतली लाल माती पाहिली.

"कुठली माती?"

तिने सगळं सांगितलं. चौदा टिप्परपासून डाळीपर्यंत. सांगताना तिचा आवाज चढत गेला. "मी तुझ्यासाठी केलं अण्णा! तुला इथून खाली काढायचं म्हणून केलं!"

"माझ्यासाठी?" अण्णा हळू बोलला. तो चिडला की आवाज उतरत असे. "मला कधी विचारलंस? मी म्हटलं होतं नोव्हेंबर. मला घाई नव्हती. मला इथे बसवतं, अहल्या. मला खिडकीत बसलेलं तुला बघवत नाही. घाई तुझी होती. माझ्या नावावर टाकू नकोस."

ती उभ्याची बसली. खरंच होतं ते. दीड वर्ष ती त्या खुर्चीपासूनच पळत होती, बसमधून, रिक्षातून, कागदावरून.

मग अण्णाच म्हणाला, "उद्या सोमवार. यल्लाप्पाला सांग, माणसं घेऊन यायला. मला खाली न्यायला."

"तू तर म्हणाला होतास—"

"म्हणालो होतो. सरी, ते राहू दे. आता सांगतोय, ने."

सोमवारी अहल्येने रजा टाकली. यल्लाप्पा आणि त्याची तीन माणसं अण्णाला जिन्यावरून उतरवत होती तेव्हा अहल्या पुढे उलटी उतरत होती, हात पसरून, जणू खुर्ची पडली तर ती एकटी झेलणार होती. वळणावर अण्णाने डोळे मिटून घेतले.

साइटसमोरच्या रस्त्यावर खुर्ची ठेवली. भरावावर पावसाने ओरखडे काढले होते. त्यातला एक चर कंबरभर खोल होता आणि तो सरळ भागुबाईच्या शेडकडे गेला होता. अण्णा बघत राहिला. दीड वर्षांनी त्याच्यासमोर मोजायला जमीन होती. त्याचा चेहरा बदललेला अहल्येने पाहिला, आणि ती दुसरीकडे बघू लागली.

"नळी आणलीस?" त्याने यल्लाप्पाला विचारलं.

यल्लाप्पाने पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली. एक टोक अण्णाच्या हातात, दुसरं यल्लाप्पाच्या. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं, त्यावरून लेव्हल काढायची. यल्लाप्पा कुंपणापर्यंत गेला, डाव्या कोपऱ्यात गेला, उजव्या कोपऱ्यात गेला. अण्णा आकडे सांगत होता, अहल्या लिहीत होती. एका आकड्याशी तो थांबला. "पूर्वेचा कोपरा पश्चिमेपेक्षा सात इंच खाली आहे. हे कागदात कुठेच नव्हतं. पाणी तिकडेच जातं."

दुपारपर्यंत त्याने रस्त्यावर खुर्चीत बसून मांडीवरच्या फळीवर घर काढलं. भराव सगळा काढायचा. खांब मूळ कठीण जमिनीपर्यंत न्यायचे, टप्प्याटप्प्याने, उताराबरोबर खाली. घराचा मागचा भाग खांबांवर उभा राहील आणि त्याच्याखाली जमीन आहे तशी मोकळी. गाडीवाट पूर्वेच्या अंगाने. गेटपाशी आधी सहा इंच चढ, म्हणजे रस्त्याचं पाणी आत वळणार नाही. मग थोडा उतार, तिथे आडवं गटार, वर लोखंडी जाळी. मग दहा फुटांत दहा इंच चढ, आणि दारासमोर पाच फूट सपाट.

"स्वयंपाकघर लहान होईल," अण्णा म्हणाला.

"होऊ दे."

"आणि आडव्या गटाराचं पाणी पाइपातून मागे न्यायचं. मागे शोषखड्डा. पण मोठा पाऊस आला की खड्डा भरणार. उरलेलं पाणी खालच्या रस्त्याच्या गटारात गेलं पाहिजे." त्याने पेन्सिल थांबवली. "आणि ते भागुबाईच्या बोळातूनच जाऊ शकतं."

अहल्या सोमवारीच संध्याकाळी खाली गेली. ग्राइंडर दुरुस्त होऊन आले होते, शेडला तात्पुरता पत्रा ठोकला होता. बोळातून पाइप न्यायचा आहे हे तिने सांगितलं आणि उमाजी एकदम उठला. "एकदा चिखल घातला, आता गटार घालायचं म्हंता? आणि उद्या तुम्ही घर विकून गेला म्हंजे?"

अहल्येला वाटलं, संपलं. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटलं असतं.

भागुबाईने नवऱ्याला हाताने बस म्हणून खूण केली. "पाइप तुमचाच कशाला? आमच्या शेडचंबी पाणी त्याच पाइपात घ्या. पीठ धुतलेलं पाणी सतरा वर्सं बाहेर हातानं टाकतीया मी. माझ्या कोपऱ्यात एक चेंबर करा, झाकणाचं. तुंबलं तर मला उघडता आलं पायजे. आणि खोदायचं हातानं. मशीन आणलं तर माझी भिंत धरणार न्हाई, तिच्याखाली दोन फूटबी पाया न्हाई." ती थांबली. "आणि लिहून द्या. कानडीत. माझ्या लेकीला वाचता येईल असं."

कागद अण्णाने लिहिला, सुंदर सर्वेअरी अक्षरात. खालती दोन्ही घरांचा नकाशा, आणि चेंबरवर बाण काढून 'भागुबाई यांचं' असं. नकाशा इंजिनिअरला दाखवून खांबांची खोली पक्की केली. तरी काम नोव्हेंबरातच सुरू झालं. भराव काढायलाच ऑक्टोबर गेला. माती ज्या टिप्परांनी आली त्यांनीच नेली. अहल्या रोज जाऊन उभी राही. पूर्वी ती मोजायला जाई, आता नुसती बघायला, पण पाय तितकेच वळवळत. खड्डे खणले तर दोन जागी पाण्याचे झरे लागले, पंप लावावा लागला, काम नऊ दिवस अडलं. नऊही दिवस ती अण्णाला फोनवर पाण्याची खोली सांगत होती आणि अण्णा नऊही दिवस म्हणत होता, "थांब."

पाइप आधी टाकला, खांबांच्याही आधी. हा अण्णाचा हट्ट. डिसेंबरात अवकाळी सर आली तेव्हा अहल्या साइटवरच होती. भागुबाई छत्री धरून स्वतःच्या कोपऱ्यातलं चेंबरचं झाकण उघडून वाकून बघत होती. "जातंय!" ती वर बघून ओरडली. "खळखळ जातंय!"

फेब्रुवारीत खांबांवर तळाचा स्लॅब पडला आणि गाडीवाटेचं काँक्रीट झालं. भिंती अजून नव्हत्या. काँक्रीट पिकून पक्कं झाल्यावर एका सकाळी अण्णाला आणलं. त्याने सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. गेटचा चढ त्याने स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत पार केला. जाळीवरून चाकं खडखडत गेली. मग शेवटचा चढ. चार फूट गेला, पाच फूट गेला. तिथे खुर्ची थांबली. त्याने जोर लावला. दंडांच्या शिरा फुगल्या, खुर्ची बोटभर मागे आली.

अहल्या धावली. "नको!" अण्णा म्हणाला, आणि ती मध्येच थबकली. त्याने ब्रेक लावला, नळी मागितली. दोन माणसांनी टोकं धरली.

"अकरा इंच," तो म्हणाला. "आणि लांबी साडेआठच फूट धरली आहे."

यल्लाप्पा डोकं खाजवू लागला. "सपाट जागा जरा मोठी काढली अण्णा, दारासमोर बरी दिसंल म्हणून. पण अक्का ढकलतील की मागनं. रोज हायतच त्या घरात."

सगळे अहल्येकडे बघू लागले. अण्णा मात्र तिच्याकडे बघत नव्हता, समोरच्या चढाकडे बघत होता. पुन्हा फोडायचं म्हणजे सगळं काम तीन आठवडे पुढे. आणखी तीन आठवडे दुसरा मजला, खिडकी, खालचा नारळवाला. तिला वाटलं, आत नेहमीसारखी घाई उसळून येईल. तिने वाट पाहिली. आली नाही.

"फोडा," ती म्हणाली. "दहा फुटांत दहा इंच. नीट करा."

यल्लाप्पाने उसासा टाकून माणसाला हाक मारली. अण्णाने ब्रेक सोडला आणि खुर्ची हळूहळू मागे, जाळीपर्यंत उतरू दिली. अहल्या जाऊन गेटजवळच्या विटांच्या ढिगावर बसली. बऱ्याच दिवसांनी तिला स्वस्थ बसवलं.